लढाई थांबलेलं गाव आणि तिथली अपंग माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कृत्रिम पाय बनवतो. पुण्यात शिकलो आणि इथल्याच एका वर्कशॉपात बरीच वर्षं काढली. मधे दोनदा श्रीलंकेच्या उत्तर भागात, वावुनिया परिसरात, तिथल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवायला जाणं झालं. खरं म्हणजे मीच जास्त शिकून आलो. परत आल्यापासून विद्यार्थी, देणगीदार, नातेवाईक सगळे अपंगांसाठी गावातच चालणाऱ्या या कामाबद्दल आणि त्याचा शांततेशी काय संबंध याबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. जिथे माझाही गोंधळ झाला होता, तिथली उत्तरं लांबली आहेत.

समुदायाधारित पुनर्वसन म्हणजे काय? साध्या भाषेत सांगा.

नाव सरकारी असलं तरी काम घरगुती आहे. 1978 साली अल्मा-आता इथे आरोग्य परिषद झाली आणि प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या दारापर्यंत न्यायची असं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तोच विचार अपंगत्वाला लावला. शहरातल्या मोठ्या केंद्रात पोचतात मूठभर लोक, बाकीचे घराच्या मागच्या खोलीत पडून असतात. मग केंद्राची वाट न बघता गावातच काय होईल ते करायचं.

प्रत्यक्षात ही गावातलीच एखादी मुलगी असते. दहावी-बारावी शिकलेली, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली. सायकलवर घरोघर जाते. ज्या लेकराला बसता येत नाही त्याच्यासाठी सुताराकडून कोपऱ्यात बसेल अशी खुर्ची करून घेते. अंगणात दोन बांबू आडवे बांधून चालायच्या दांड्या तयार करते. दिसत नसलेल्या आजीसाठी ओसरीपासून संडासापर्यंत दोरी बांधते. ही दोरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जरा लाज वाटली. मी शिकलो होतो त्या यंत्रांपेक्षा त्या आजीला त्या दोरीचा उपयोग जास्त होता.

2010 साली जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात पाच खाती आहेत : आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि स्वतःच्या हक्कांसाठी उभं राहणं. प्रत्येकाचे पुन्हा पाच भाग, म्हणजे कागदावर पंचवीस चौकटी. सायकलवरची मुलगी एका सकाळीच त्यातल्या चार-पाच उरकते. लेकराचा व्यायाम झाला की मास्तरांना भेटायचं, तिथून बापाच्या कर्जाच्या अर्जासाठी ग्रामसेवकाकडे.

यात शांततेचा संबंध कुठे आला?

बाकड्यावर. सांगतो.

दंगल किंवा युद्ध होऊन गेलेल्या भागात सगळं दोन-दोन होतं. या लोकांचं किराणा दुकान वेगळं, त्या लोकांचं वेगळं. चहाची टपरी वेगळी, शाळा वेगळी, बसथांब्यावर उभं राहायची बाजूसुद्धा वेगळी. कोणी बोर्ड लावलेला नसतो, पण सगळ्यांना माहीत असतं. पाय बनवायचं वर्कशॉप मात्र आख्ख्या जिल्ह्यात एक. तिथे दोन काढणं कोणालाच परवडत नाही. त्यामुळे तिथे सगळ्यांनाच यावं लागतं.

वावुनिया हे तमिळ आणि सिंहली भागांच्या सीमेवरचं गाव. आसपास तमिळ, सिंहली, मुसलमान तिघांचीही खेडी आहेत. माझ्यासमोरच्या बाकड्यावर एका सकाळी तिघं बसले होते. एक वन्नीतला तमिळ शेतकरी, एक सिंहली म्हातारा जो तरुणपणी गावचा होमगार्ड होता, आणि एक मुसलमान कापडवाला. या कापडवाल्याचं घराणं 1990 च्या ऑक्टोबरात तमिळ वाघांनी (म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेने) उत्तरेतून हाकलून दिलेल्या हजारो मुसलमानांपैकी. तिघांनीही आपापला जुना पाय काढून मांडीवर घेतला होता. ताटकळलेला माणूस छत्री मांडीवर ठेवतो तसा.

पहिला अर्धा तास कोणी बोललं नाही. मग कापडवाल्याने सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिच्या, आत बोट फिरवून म्हटलं, इथे घासतं. होमगार्डने स्वतःचा स्टंप, म्हणजे उरलेल्या पायाचं टोक, दाखवला. तिथेच चट्टा, वाटाण्याएवढा. उन्हाळ्यात घाम येतो तेव्हा आत काय भरायचं यावर बोलणं सुरू झालं. कोणी पावडर म्हणालं, कोणी जुनं सुती कापड. कोणी कोणाला विचारलं नाही की पाय कोणाच्या सुरुंगाने गेला. विचारलं ते फक्त ‘कुठे?’ गावाचं नाव आलं की सगळ्यांना सगळं कळतं, त्यामुळे त्यानंतर थोडा वेळ पुन्हा शांतता झाली. मग आतून हाक आली. तमिळ शेतकरी नवा पाय लावून दांड्यांमध्ये उभा राहिला आणि चवड्यावर भार टाकून चालायला लागला. बाकड्यावरून होमगार्ड मोडक्या तमिळमध्ये ओरडला, ‘अण्णा, टाच आधी! टाच!’

सिंहलीत मोठ्या भावाला ‘अय्या’ म्हणतात. ‘अण्णा’ तमिळ. त्याने समोरच्याचा शब्द वापरला.

एवढंच घडलं. याला मी समेट म्हणणार नाही. पण शांतता समितीच्या बैठका मी पाहिल्या आहेत. खुर्च्या मांडलेल्या, मागे बॅनर, आणि प्रत्येक जण आपल्या जातीचा वकील म्हणून बसलेला. बाकड्यावर कोणी शांततेसाठी आलेलं नसतं, पायासाठी आलेलं असतं. म्हणून तिथे कोणाला कोणाची बाजू मांडावी लागत नाही.

अडचण अशी की बाकडं संपलं की तिघं तीन बसने तीन गावांना जातात. वर्कशॉपचं काम तिथे थांबतं आणि सायकलवाल्या मुलीचं सुरू होतं. अपंगांचे आणि अपंग मुलांच्या आयांचे गट बांधायचे, ते शेजारच्या गावाच्या गटाला जोडायचे, आणि एकत्र करण्यासारखं खरं काम द्यायचं. पंचायतीच्या कचेरीला उतार, एसटीत राखीव जागा, प्रमाणपत्राच्या शिबिराची तारीख. भांडण सरकारशी असलं की शेजाऱ्याशी बोलायला निमित्त मिळतं.

श्रीलंकेचंच उदाहरण का?

मी ते पाहिलंय म्हणून. शिवाय आपला त्याच्याशी संबंध आहे, आपण विसरलो असलो तरी.

1983 ते मे 2009, सव्वीस वर्षं तिथे सरकार आणि तमिळ वाघ लढले. मधे जुलै 1987 च्या कराराने भारताची शांतिसेना तिथे गेली आणि मार्च 1990 मध्ये परत आली. सुमारे 1,200 भारतीय जवान तिथे गेले ते कायमचेच. हातपाय गमावून परतले ते वेगळे. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासूनचं. आमच्या क्षेत्रातले जुने लोक अजून सांगतात की जाफन्याहून आलेल्या जवानांच्या जखमा ओळखू यायच्या. सुरुंग छोटे, घरी बनवलेले, पाऊल उडवायचे आणि माणूस जिवंत ठेवायचे. तमिळमध्ये सुरुंगाला ‘मिदिवेडी’ म्हणतात. मिदि म्हणजे पाय देणं, वेडी म्हणजे स्फोट.

त्याच जाफन्यात 1980 च्या दशकापासून जयपूर फूट बनतोय. 1968 च्या सुमारास जयपूरला मास्टरजी रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठींनी तो घडवला. रबराचं पाऊल, आत लाकूड आणि स्पंज. वरचा भाग आधी ॲल्युमिनियमचा असे. आता तो शेतात पाणी न्यायच्या पाइपाच्या जातीचा प्लास्टिकचा असतो, भट्टीत तापवून प्लास्टरच्या साच्यावर ओढलेला. अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, भाताच्या चिखलात उतरता येतं. युरोपातून आलेले बूट घातलेले पाय घेऊन देवळात जायचं कसं, हा प्रश्न जयपूरला पडला तसाच जाफन्यालाही पडला होता.

आधी कोणाला? युद्धात जखमी झालेल्यांना की जन्मापासून अपंग असलेल्यांना?

हा प्रश्न मला सगळ्यात महाग पडला.

एका कामात (संस्थेचं नाव राहू द्या) आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता : ‘युद्धात इजा झाली का? हो / नाही.’ ‘नाही’वर खूण झाली की पुढचा फॉर्म भरायचाच नाही, कारण पैसा युद्धपीडितांसाठी आला होता. तिसऱ्या दिवशी एक बाई जन्मापासून पाय अधू असलेल्या मुलाला कडेवर घेऊन आल्या. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, लोंबकळत होता. मी त्यांना परत पाठवलं. त्या काही बोलल्या नाहीत. दाराशी वळल्या आणि शेजारच्या माणसाकडे बघून हसल्या. त्या माणसाचा पाय आम्ही नुकताच बसवला होता. संध्याकाळपर्यंत गावात बातमी गेली होती की हे लोक लढणाऱ्यांनाच पाय देतात.

त्यातला अर्थ नीट बघा. बंदूक धरलेल्याला मिळतं, न धरलेल्याला मिळत नाही. शांततेसाठी आलेल्या कार्यक्रमाने गावाला हे शिकवलं! आणि ज्या भागात सव्वीस वर्षं युद्ध चाललं, जिथे बाळंतपणं बंकरमध्ये झाली, तिथे ‘युद्धामुळे’ आणि ‘जन्मतः’ यातली रेघ मारणार कोण?

काबूलमध्ये रेड क्रॉसच्या केंद्रात आल्बेर्तो कैरो हा इटालियन माणूस 1990 पासून काम करतोय. मूळचा वकील, नंतर फिजिओथेरपिस्ट झाला. तिथेही सुरुवातीला दार फक्त युद्धजखमींना उघडं होतं. पुढे त्यांनी ते सगळ्या अपंगांना उघडलं. पोलिओ, अपघात, जन्मजात वाकलेले पाय, सगळे. शिवाय कामावर घेतले तेही जवळजवळ सगळे अपंगच, आधी तिथेच उपचार घेऊन गेलेले. पाय बनवणारा स्वतः कृत्रिम पायावर उभा आहे हे पाहिल्यावर नव्या माणसाला वेगळं समुपदेशन फारसं लागत नाही. सत्तापालट किती झाले, केंद्र चालू राहिलं. सगळ्याच बाजूंच्या लोकांना त्याची गरज होती.

आमचा तो रकाना पुढे काढला. त्या बाई परत आल्या नाहीत.

सैनिक आणि बंडखोर एकाच रांगेत कसे चालतील? हा शहिदांचा अपमान नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. आमच्याच वर्कशॉपात माजी सैनिक येतात.

श्रीलंकेत सैनिकाला ‘रणविरू’ म्हणतात, रणवीर. त्यांच्यासाठी रागमा या गावी लष्कराचं पुनर्वसन केंद्र आहे, अनुराधापुराला निवास आहे. ते असायलाच हवं. (तरी अपंग सैनिकांना पेन्शनसाठी कोलंबोत रस्त्यावर बसावं लागलंच. वीर म्हणणं स्वस्त पडतं.) दुसरीकडे युद्ध संपताना शरण आलेले वाघांचे सुमारे 12,000 लोक सरकारी पुनर्वसन छावण्यांतून बाहेर पडले. त्यातल्या हातपाय गेलेल्यांना गावात नोकरी देणारा मालक घाबरतो, कारण पाठोपाठ चौकशी येईल. त्यात पुष्कळांना मुळात पोरवयात जबरदस्तीने उचलून नेलेलं. सारखाच पाय गेलेली दोन माणसं, एकाची मिरवणूक आणि दुसऱ्यावर पाळत. ही दरी पुढच्या पिढीकडे जाते, कारण घरात पोरं बघत असतात.

एल साल्वादोरने वेगळं केलं. तिथे बारा वर्षांचं यादवी युद्ध जानेवारी 1992 च्या चापुल्तेपेक कराराने थांबलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा आला : युद्धात अपंग झालेला सरकारी सैनिक असो, गनिमी लढवय्या असो की साधा शेतकरी, निधी एकच. तो चालवणाऱ्या मंडळावर अपंगांच्या संघटनांचे प्रतिनिधीही बसायचे. पैसे वेळेवर मिळाले असं नाही, मोर्चे निघाले, वर्षानुवर्षं निघाले. पण ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्यांची मागणी एक झाली, आणि माझ्या मते कायद्याचं मोठं यश ते आहे.

शहिदांबद्दल म्हणाल, तर एकाच रांगेत उभं राहिल्याने कोणाचा इतिहास पुसला जात नाही. गुन्हे केलेल्यांवर खटला चालवायचा तर चालवावा. त्यासाठी त्याचा पाय अडवून ठेवायची गरज नाही.

खेळांमुळे खरंच काही होतं का, की फोटोपुरतं?

बऱ्याचदा फोटोपुरतंच. उद्घाटनाचा सामना होतो, पाहुणे जातात, चेंडू कपाटात.

पण रवांडाचं उदाहरण मला टाळता येत नाही. 1994 च्या वंशसंहारानंतर तिथे डोमिनिक बिझिमाना आणि जाँ रुकुंडो या दोघांनी बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचा पाया घातला. दोघांचेही पाय गेलेले, दोघेही त्या युद्धात समोरासमोरच्या सैन्यात होते. 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये रवांडाचा पुरुष संघ उतरला, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून या खेळात तिथवर गेलेला तो पहिला संघ. बोस्नियात तर हा खेळ सुरुंगांनीच वाढवला असं म्हणावं लागेल. 1992–95 च्या युद्धात पाय गमावलेल्यांच्या जोरावर त्यांनी 2004 आणि 2012 साली सुवर्ण जिंकलं. त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी इराणी, आणि त्या संघातही इराण-इराक युद्धाचे जखमी होतेच. पदकतालिकेमागे असा हिशेब असतो.

या खेळात एक गोष्ट आहे. बसलेल्या अवस्थेत नेट खाली येतं, एक मीटरच्या जरा वर. समोरच्याचा चेहरा हाताच्या अंतरावर असतो. त्याच्याकडे न बघता खेळताच येत नाही.

सुरुंग अजून आहेत का?

आहेत. श्रीलंका डिसेंबर 2017 मध्ये सुरुंगबंदी करारात सामील झाली. उत्तरेत जमीन साफ करायचं काम अजून चालू आहे आणि त्यात स्थानिक बायका मोठ्या संख्येने आहेत. गुडघ्यावर बसून, हातभर पट्टा एका वेळी. भारत या करारात नाही.

बायकांचा वेगळा विचार कशाला?

कारण वर्कशॉपात त्या दिसतच नाहीत. माझ्या नोंदवहीत दहा पुरुषांमागे दोन-तीन बायका असायच्या. सुरुंग काही बघून फुटत नाही. पुरुषाला पाय हवा म्हणून घर खटपट करतं. बाईला मात्र ‘तू घरातच असतेस ना’ म्हणतात. शिवाय माप द्यायला मांडीपर्यंत कपडा वर करावा लागतो आणि माप घेणारा माझ्यासारखा पुरुष. स्त्री तंत्रज्ञ आली त्या महिन्यात बाकड्याचा चेहरा बदलला.

उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीच्या काळात जे झालं त्यात पळता न आलेल्या अपंग बायका मागे राहिल्या आणि छावण्यांतही रांगेत मागेच राहिल्या. गंमत म्हणजे कागदोपत्री युगांडा आपल्याही पुढे आहे. 1995 च्या राज्यघटनेनंतर संसदेत अपंगांसाठी पाच जागा, आणि स्थानिक परिषदांमध्ये एक पुरुष व एक बाई अशा राखीव जागा. शांततेच्या चर्चेत बायका हव्यात हा सुरक्षा परिषदेचा ठराव 2000 सालचा, क्रमांक 1325. अपंगांचा वेगळा ठराव यायला 2019 उजाडलं. अपंग बाई या दोन तारखांच्या मधे कुठेतरी उभी असते.

न दिसणाऱ्या जखमांचं काय?

उत्तर श्रीलंकेत बेपत्ता माणसांच्या आया फोटो घेऊन वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला बसल्या. त्यातली एखादी जेवत नाही, झोपत नाही, स्वयंपाक करताना चूल तशीच सोडून दाराशी जाते. हिला कुठल्या रकान्यात टाकणार? आमच्या फॉर्ममध्ये हात, पाय, डोळे, कान होते.

गावातली कार्यकर्ती इथे डॉक्टरपेक्षा उपयोगी पडते, कारण तिला माहीत असतं की त्या घरातून कोण गेलंय. ती औषधाचं बोलत नाही. ताडाच्या पानांच्या चटया विणायच्या गटात घेऊन येते. जाफन्यात ताड म्हणजे कोकणातल्या माडासारखा, घर चालवणारा. हात चालू राहिले की कधीतरी बोलणं येतं. गोळ्या लागतात त्यांना गोळ्याही द्याव्याच लागतात, चटईने सगळं बरं होतं असल्या भ्रमात कोणी राहू नये.

असल्या कार्यक्रमांनी भांडणं वाढू शकतात?

सर्रास. 2004 च्या त्सुनामीत श्रीलंकेच्या दोन्ही बाजूंचे किनारे धुऊन गेले. जून 2005 मध्ये सरकार आणि वाघांनी मदत मिळून वाटायची यंत्रणा ठरवली, त्यावरून सरकारमधला एक पक्ष बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या महत्त्वाच्या भागांना स्थगिती दिली. त्याच लाटेने इंडोनेशियातल्या आचेमध्ये ऑगस्ट 2005 चा शांतता करार जवळ आणला. लाट तीच होती, वाटणीचं राजकारण निराळं होतं.

गावपातळीवर ठिणगी बारीक असते. बोर्ड कुठल्या भाषेत? 1956 साली फक्त सिंहली राजभाषा करण्यावरून जिथे एवढं रामायण घडलं, तिथे वर्कशॉपच्या पाटीवर तमिळ अक्षरं लहान काढली तरी लोक मोजतात. ड्रायव्हर कोणाचा, खडी कोणाच्या खाणीतली, शिबिर कोणाच्या देवळाच्या आवारात. 1990 च्या दशकात मेरी अँडरसन या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी अशा मदतीचा अभ्यास करून साधी गोष्ट सांगितली : प्रत्येक गावात काही गोष्टी माणसं जोडतात, काही तोडतात, आणि तुमचा पैसा यातल्या एकीत पडतोच. मधे पडत नाही.

कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार 2006 चा. भारताने तो 2007 मध्ये मान्य केला, श्रीलंकेने 2016 मध्ये. त्याचं अकरावं कलम युद्ध आणि आपत्तीतल्या संरक्षणाचं आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 8 त्याच अर्थाचं, आणि त्यात सशस्त्र संघर्ष असा उल्लेख स्पष्ट आहे. वर म्हटलेला सुरक्षा परिषदेचा ठराव 2475 क्रमांकाचा, 20 जून 2019 ला एकमताने झाला. कलम पाठ असलेलं बरं, अर्जात घालता येतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचा काही संबंध?

खडकीला पहिल्या महायुद्धापासूनची परंपरा आहे. अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी संस्था 1917 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. 1965 च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहून सुवर्ण घेऊन आले.

पण खरा प्रश्न गडचिरोलीचा. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात 15 पोलीस आणि चालक गेले हे सगळ्यांना आठवतं. त्या जंगलात कुणा आदिवासी मुलाचा हात जन्मापासून वाकडा आहे हे कुणाच्या गावीही नसतं. भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर, पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते, आणि प्रमाणपत्राशिवाय काहीच मिळत नाही. पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ नावाने दाखले आणि योजना ठाण्यातूनच द्यायला सुरुवात केली, त्याने कित्येकांचं काम झालं. मात्र खबऱ्या ठरवून माणसं मारली गेलेल्या भागात तीनचाकी सायकल पोलीस ठाण्यातून घरी आणणं म्हणजे काय, हेही त्या घराला विचारावं. मला वाटतं साधन ठाण्यातून मिळो, पण पाठपुरावा गावच्या आशाताईने करावा, ज्यांच्या येण्याजाण्याचा कोणी वेगळा अर्थ लावत नाही.

जुन्या व्हीलचेअर आणि कुबड्या पाठवू का?

शक्यतो नको. दवाखान्यातली बारीक चाकांची खुर्ची वाळूत रुतते. तिच्यावर आठवड्यात कोंबड्या बसतात. पैसे पाठवा, आणि तेही दुरुस्तीसाठी.

संस्था निघून गेली की?

पाय मोडतो. शेतात वापरलेला पाय तीनेक वर्षांत बदलावा लागतो, वाढत्या मुलाचा तर दर वर्षी, कधी त्याआधीच. तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे एका माणसाला एक पाय. म्हणून पहिल्या दिवसापासून विचारायचं की चौथ्या वर्षी पाइप कोण विकत घेणार, भट्टीचं वीजबिल कोणाच्या नावावर, कारागिराचा पगार जिल्हा रुग्णालयाच्या यादीत येईल का. या प्रश्नांवर बैठकीत लोक घड्याळ बघतात.

शांतता वाढली हे मोजता कसं?

देणगीदारांचे फॉर्म असतात. ‘तुम्हाला दुसऱ्या समाजाबद्दल विश्वास वाटतो का, एक ते पाच’. सगळे चार म्हणतात. पाच म्हटलं तर खोटं वाटेल आणि तीन म्हटलं तर पैसे बंद होतील, एवढं सगळ्यांना कळतं.

मी दुसऱ्यांदा वावुनियाला गेलो तेव्हा बाकडं तेच होतं. सकाळी आठला नंबराचे बिल्ले वाटतात, एकाला एक. होमगार्ड म्हातारा दोन बिल्ले घेऊन बसला होता. देणाऱ्या पोरीने हटकलं तर म्हणाला, दुसरा अण्णाचा, त्याची बस साडेनऊला येते. ती म्हणाली, नियमात बसत नाही. त्याने स्वतःचा पाय काढला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर आडवा ठेवला, कोणी बसू नये म्हणून.